देझोलीनाबाईंचं समुद्रस्नान

कायद्याने समुद्र सगळ्यांचा आहे. हा कायदा ज्याने लिहिला त्याने ऑगस्टात सांता तेक्लाला कधी पाऊल ठेवलेलं नसावं. ठेवलं असेल, तर तिथे त्याच्या सासऱ्याचा बंगला असावा.

एर्मान्नो बोझिओने हा कायदा छापून घेतला होता. अकरा पानं, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केलेल्या, वर प्लास्टिकचं पाकीट. समुद्र नसलेल्या आस्ती शहरातल्या एका शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं दाखले आणि हजेरीपत्रकं सांभाळलेला माणूस तो. समुद्रावर जाताना टॉवेल विसरेल, कागद विसरणार नाही.

भानगड सुरू झाली ती केक कापताना. एर्मान्नोच्या आईला, देझोलीनाबाईंना, त्र्याऐंशी वर्षं पूर्ण झाली आणि सुनेने, म्हणजे मिरेल्लाने, विचारलं की तुम्हाला काय हवंय. अशा प्रश्नाला म्हातारी माणसं 'काही नको गं' म्हणतात आणि मग त्यांना शाल मिळते. देझोलीनाबाईंच्या कपाटात अशा नऊ शाली होत्या. त्यांनी केक संपवला, चमचा पुसून ठेवला आणि म्हणाल्या, "सांता तेक्लाच्या पाण्यात उतरायचंय. एकदा."

सांता तेक्ला हे नाव त्या घरात फारसं कोणी काढत नसे. पंधराव्या वर्षापासून सात उन्हाळे देझोलीनाबाई तिथल्या मोठ्या हॉटेलात चादरी धुवायला होत्या. नोकरांना किनाऱ्यावर जायची बंदी होती. एवढे पैसे मोजून आलेल्या पाहुण्यांना धोबिणींच्या पिंढऱ्या दिसू नयेत, म्हणून. गच्चीवर वाळत घातलेल्या दोन चादरींच्या फटीतून जेवढा दिसला तेवढाच समुद्र त्यांनी पाहिला. पुढे लग्न झालं, एर्मान्नो झाला, आणि दर ऑगस्टात सगळे पूर्वेकडच्या स्वस्त किनाऱ्यावर जायला लागले. तिथे पंचवीस वर्षं त्या छत्रीखाली विणत बसल्या. पाण्यात चला म्हटलं की म्हणायच्या, "हा नव्हे." घरच्यांना वाटायचं, थंडी वाजते.

सप्टेंबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर लाटा, वाळू, घसरण सगळं बंद, असं डॉक्टरने सांगून ठेवलेलं. म्हणजे हाच ऑगस्ट, नाहीतर मग फोटोतच बघायचं.

एर्मान्नोला राग आला. कोणाचा, ते त्याला सांगता येत नव्हतं. ज्या मालकाने बंदी घातली होती तो केव्हाच मेला होता, आणि मेलेल्या माणसाला अर्ज करता येत नाही. एर्मान्नोला राग आला की तो अर्ज करतो.

आधी शेजारी. दुसऱ्या मजल्यावरचे क्वाल्यासाहेब निवृत्त सर्वेअर. आमच्याकडे ज्या माणसाने एकदा हद्द मोजली तो पुढे जगातल्या सगळ्याच गोष्टी मोजायला मोकळा होतो. त्यांनी जिन्यात उभं राहून अर्धा तास मार्गदर्शन केलं. रविवारी जाऊ नका, सगळे असतात. सोमवारी जाऊ नका, न्हाव्यांना सुट्टी असते. मंगळवारी जा, पण टोपी घालू नका. सांता तेक्लाला टोपीवरून माणूस आस्तीचा आहे हे ओळखतात. स्वतः क्वाल्यासाहेब तिथे किती वेळा गेले होते, तर एकदाच, आणि तेही गाडीतून उतरले नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या तेरेझिताबाईंनी दार किलकिलं करून सांगितलं की चांदीच्या कागदात गुंडाळलेलं खाणं नेऊ नका. त्या गावात चांदीच्या कागदाचा आवाज ऐकला की लोक माना वळवतात. तागाच्या पांढऱ्या रुमालात बांधा, म्हणजे तुम्ही गरीब नसून हौशी आहात असं वाटतं. माझ्या आईचं जेवण मी चोरीच्या मालासारखं लपवून नेऊ का, असं म्हणून एर्मान्नो वर गेला आणि त्याने मिरेल्लाला सांगितलं, कागद दुहेरी लाव.

मग नगरपालिका. सांता तेक्लाच्या किनाऱ्याची लांबी तीन किलोमीटर. त्यातला सगळ्यांसाठी मोकळा तुकडा चौदा मीटर. दोन खासगी किनाऱ्यांच्या मध्ये, जिथे नाला येऊन मिळतो तिथे. आणि या चौदा मीटरांसाठी नगरपालिकेने नावनोंदणी ठेवली होती. समुद्र फुकट, पण वेळ घेऊन, दातांच्या डॉक्टरासारखा. एर्मान्नो संगणकावर बसला. स्वतःची नोंद झाली, मिरेल्लाची झाली. आईचं जन्मसाल भरायला गेला, तर तिथली यादी १९५० पासूनच सुरू होत होती. त्याआधी जन्मलेल्या माणसाचं समुद्रात काय काम, असं नगरपालिकेचं मत असावं. त्याने फोन केला. चाळीस मिनिटं फोनवरची मँडोलिन ऐकली. मग एक बाई आल्या आणि म्हणाल्या, त्यात काय, १९५० लिहून टाका, कोण बघतंय.

हे एर्मान्नोला सांगणं म्हणजे भटाला मासा कापायला सांगणं. एकतीस वर्षांत त्याने एकाही पोराची जन्मतारीख एका दिवसाने हलवली नव्हती. उपमहापौर स्वतः कचेरीत येऊन बसला होता, तेव्हासुद्धा नाही. त्याने नगरपालिकेला रीतसर पत्र पाठवलं: आपली यादी बेकायदा आहे, माझी आई १९४१ची आहे आणि ती जिवंत आहे. उत्तर लगेच आलं. कचेरी ऑगस्टभर बंद, कर्मचारी समुद्रावर गेलेले आहेत.

तीन दिवस तो घरात फिरत शिव्या घालत होता. चौथ्या दिवशी तो अंघोळीला गेलेला असताना मिरेल्लाने एका बोटाने सासूला नऊ वर्षांनी तरुण करून टाकलं. देझोलीनाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग ते ऑपरेशनही नऊ वर्षांनीच करू."

मंगळवारी पहाटे पाचला निघाले. साडेसातला सांता तेक्ला. गाडी लावायला पिवळ्या रेघांत रहिवासी, निळ्या रेघांत श्रीमंत, पांढऱ्या रेघा म्हणजे ज्या अजून रंगवायच्या राहिल्यात त्या. बाकीच्यांनी गाडी डोंगरावर लावायची आणि उतरून यायचं. वरून खाली बस होती, पण ती हॉटेलांच्या पाहुण्यांसाठी. खुबा दुखणाऱ्या आईला दोनशे पायऱ्या कशा उतरवणार, म्हणून एर्मान्नोने दोघींना आधी खाली चौकात सोडलं. चौकात बाहेरच्या गाड्यांना दंड लावणारा कॅमेरा होता. तिथून वळायला जागा नव्हती, म्हणून तो त्याच कॅमेऱ्याखालून परत गेला. इतके महाग फोटो त्याचे कोणी लग्नातसुद्धा काढले नव्हते. मग डोंगरावर गाडी लावून घडीची खुर्ची, छत्री, थंड पेटी आणि कायदा एवढं घेऊन तो दोनशे पायऱ्या उतरला. टोपी घातली नव्हती. क्वाल्यासाहेबांच्या कृपेने टक्कल दहालाच लाल झालं.

मोकळ्या किनाऱ्याच्या तोंडाशी दोरी बांधली होती आणि दोरीपाशी नगरपालिकेचा गार्ड उभा होता. पन्नाशीचा, आरशाचा चष्मा लावलेला. या गार्डचं नाव पात्रित्सिओ होतं, कारण छातीवर लिहिलेलं होतं, आणि पुढचे पाच तास एर्मान्नो ते छाती बघून उच्चारणार होता. पात्रित्सिओने ओळखपत्रं पाहिली, हातातली यादी पाहिली, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. यादीतली बाई १९५०ची, समोरची १९४१ची. म्हणजे ही ती बाई नव्हे. एर्मान्नोने मिरेल्लाकडे एकदा बघितलं, मग सगळी हकीकत सांगितली, मँडोलिनीसकट. पात्रित्सिओने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला की सरकारी अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. बाईंचं वय बघून मी गुन्हा सोडून देतो, पण आत सोडणार नाही.

दोरीच्या पलीकडे चाळीस जागा आखलेल्या होत्या. त्यातल्या एकतीस रिकाम्या. ज्यांनी नोंदणी केली होती ते आलेच नव्हते. जागा मिळाली यातच त्यांचं समाधान झालेलं असणार. एकतीस रिकाम्या चौकोनांवर ऊन पडलं होतं आणि एक ऐंशी पार केलेली बाई काठी टेकून ते बघत होती. रागाने माणसाचं रक्त उकळतं म्हणतात. एर्मान्नोचं उतू चाललं होतं. पण तो कचेरीतला माणूस. त्याने प्लास्टिकचं पाकीट उघडलं.

पान चार, पिवळी ओळ: पाण्याच्या कडेपासून पाच मीटरांत कोणालाही अडवता येत नाही, आणि तिथवर जाण्यासाठी खासगी किनाऱ्यांनी वाट दिलीच पाहिजे. बरं, म्हणाला एर्मान्नो, तुमचा नाला तुम्हालाच लखलाभ. आणि सगळं बिऱ्हाड घेऊन तो शेजारच्या खासगी किनाऱ्याच्या दारात गेला.

तिथे कण्हेरीचं उंच कुंपण. हे कुंपण शोभेसाठी नसतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला समुद्र फुकट दिसू नये म्हणून असतं. दारात फुल्व्हिया नावाची मालकीण: पांढरे तागाचे कपडे, कातडी पर्सच्या रंगाची, आणि आवाज इतका गोड की नकार ऐकून माणूस आधी थँक्यू म्हणून बसेल. तिने दोन आरामखुर्च्यांचा दिवसाचा दर सांगितला. मिरेल्लाने विचारलं, संध्याकाळी त्या घरी न्यायच्या का? फुल्व्हिया हसली. म्हणाली, आणि हा दर दुसऱ्या रांगेचा. पहिली रांग कधी रिकामी होत नाही. सांता तेक्लाला पहिली रांग मृत्युपत्रात लिहिलेली असते, बापाकडून मुलाकडे जाते, आणि तिच्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आहेत.

एर्मान्नोने पान चार दाखवलं. फुल्व्हियाने ते वाचायला घेतलंसुद्धा नाही. तिला पाठ होतं. बरोबर आहे, म्हणाली, वाट द्यायलाच हवी. चला, या. फक्त वाट ही चालण्यासाठी असते. थांबायचं नाही, बसायचं नाही, वाळूवर काही ठेवायचं नाही. मग काठीचं काय, असं तिच्याच एका नोकराने विचारलं. काठी वाळूवर टेकवणं म्हणजे ठेवणं होतं का? पात्रित्सिओला बोलावण्यात आलं. त्याने विचार करून निर्णय दिला की काठी हालत आहे तोवर ती बाईंचा भाग धरावी. थांबली की सामान.

दारापासून पाण्यापर्यंत साठ पावलं. देझोलीनाबाई दर दहा पावलांनी दम खातात. अकराव्या पावलाला त्या थांबल्या आणि जीवरक्षकाने शिट्टी वाजवली. समुद्रात कोणी बुडत असेल म्हणून अर्धा किनारा उठून उभा राहिला. तिकडे कोणी बुडत नव्हतं. इकडे एक म्हातारी दम खात होती. दोघा नोकरांनी अगदी अदबीने, कोपराला धरून, बाईंना दारापर्यंत परत आणून सोडलं.

त्यानंतर एर्मान्नो जे बोलला ते छापता येणार नाही, आणि जे छापता येईल तेही सौम्य नव्हतं. तो फुल्व्हियाच्या बापापर्यंत गेला, तिथून नगरपालिकेवर, तिथून सरकारवर, आणि शेवटी ज्याने पहिली आरामखुर्ची बनवली त्या सुतारावर. समुद्र तुम्ही भरलात का? मीठ तुमच्या घरचं आहे का? पहिल्या रांगेतल्या लोकांनी वर्तमानपत्रं वर केली. त्यांच्यात ही पद्धत आहे. रस्त्यावर माणूस ओरडत असला की अर्थकारणाचं पान वाचायचं.

असे दोन तास गेले. देझोलीनाबाई कुंपणाबाहेर फुटपाथवर घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. बारा वाजता त्यांच्या गोळ्या असतात, आणि गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत, म्हणून मिरेल्लाने पेटी उघडली. दुहेरी चांदीचा कागद उलगडला तेव्हा तेरेझिताबाई म्हणाल्या होत्या तशा खरोखरच माना वळल्या. आत झुकिनी घातलेलं जाड ऑम्लेट, पावात. बाईंनी आपला पाव संपवला, मिरेल्लाचा अर्धा संपवला आणि गोळ्या घेतल्या.

एकाला दहा मिनिटं कमी असताना एर्मान्नो जिंकला.

त्याने बंदराच्या कचेरीत फोन लावला होता, आणि तिथल्या कोणा अधिकाऱ्याने, तोंडात घास असतानाच, फोन पात्रित्सिओच्या कानाला लावायला सांगितलं. अधिकारी काय बोलला ते कोणाला कळलं नाही, पण पात्रित्सिओने चष्मा काढला. त्यामागे डोळे होते. अंघोळीला जाणाऱ्या माणसाला अडवता येत नाही, त्याने वाटेत कितीही वेळा दम खावा, असा हुकूम होता. फुल्व्हियाने बाजूला होऊन वाट दिली, आणि तेवढ्यातही ती वाट आपणच भेट देतोय असं तिला दाखवता आलं. एर्मान्नोने अकरा पानं पाकिटात घातली. छाती दोन बोटं फुगली होती. आयुष्यात पहिल्यांदाच कागद कपाटात न जाता कुठेतरी पोहोचला होता.

देझोलीनाबाईंनी अंगातला झगा काढला. आत निळा पोहण्याचा पोशाख, मुद्दाम जुलैत घेतलेला, पाठीवर किमतीचं लेबल तसंच. दहा पावलं, दम. दहा पावलं, दम. वर्तमानपत्रं खाली आली. पाणी चार पावलांवर राहिलं होतं, तेवढ्यात मागून फुल्व्हियाचा आवाज आला. या वेळी त्यात गोडवा नव्हता, खरी काळजी होती.

"बाईंनी काही खाल्लंय का?"

एर्मान्नो जागच्या जागी गोठला.

आमच्याकडे मूल बोलायला शिकायच्या आधी हे शिकतं. खाल्ल्यावर तीन तास पाण्यात जायचं नाही. गेलं तर पोट थांबतं, रक्त थांबतं, माणूस दगडासारखा तळाला जातो. असं झालेला माणूस कोणी स्वतः पाहिलेला नाही, पण प्रत्येकाच्या मावशीच्या गावात एक होता. या देशात सरकार, चर्च, कर, न्यायालय सगळ्यांवर भांडणं आहेत. यावर नाही. कम्युनिस्ट आणि पाद्री एकाच छत्रीखाली बसून पोरांना ओरडतात: अजून दीड तास.

कायदा, नगरपालिका, कुंपण, गार्ड, सगळ्यांना पुरून उरलेल्या एर्मान्नोने चार पावलं पुढे टाकली आणि स्वतःच आईचा दंड धरला. "आई, थांब."

"काय झालं आता?"

"ऑम्लेट."

पुढच्या दहा मिनिटांत तो किनारा एखाद्या घरासारखा झाला. ज्या माणसांनी सकाळपासून या बाईंकडे बघितलं नव्हतं ती सगळी त्यांच्या पोटाभोवती जमली. जीवरक्षक म्हणाला दोन तास पुरे. मिलानचे एक नोटरी होते, त्यांनी अंड्यासाठी साडेतीन सांगितले. त्यांच्या बायकोने विचारलं, झुकिनी तळली होती की वाफवली? मिरेल्ला म्हणाली तळली, आणि सगळे हळहळले. दुसऱ्या रांगेतले एक हृदयरोगतज्ज्ञ पुस्तक बाजूला ठेवून म्हणाले की हे सगळं थोतांड आहे, शास्त्रात याला काही आधार नाही. त्यांच्याकडे सगळ्यांनी दयेने पाहिलं. नोटरी हळूच एर्मान्नोला म्हणाले, हे बॉस्टनला शिकलेत. सकाळपासून एर्मान्नोला त्या किनाऱ्यावरचं हे पहिलं वाक्य पटलं.

ठरलं असं: घास संपला सव्वाबाराला, अंड्याचे साडेतीन तास, म्हणजे पावणेचार. एर्मान्नोने कायद्याच्या चौथ्या पानाच्या समासात वेळ लिहून ठेवली. आणि फुल्व्हियाने, जिने सकाळी अकराव्या पावलाला बाईंना परत पाठवलं होतं, तिने स्वतःच्या हाताने त्यांना पहिल्या रांगेत आरामखुर्ची दिली. तोरिनोच्या एका कुटुंबाची खुर्ची होती. त्यांच्या आजोबांचा त्याच दिवशी अंत्यविधी होता, त्यामुळे पाचपर्यंत कोणी येणार नव्हतं. पैसे घेणार नाही म्हणाली. अशा वेळी पैसे कसले घ्यायचे, बाईंचा जीव आहे.

एर्मान्नोची पंचाईत झाली. राग तर अंगात मावत नव्हता, आणि तो ठेवायला जागा उरली नव्हती. शत्रू उशी आणून देत होता. दोन वाजता फुल्व्हियाने त्याच्यासाठी गरम फोकाच्चा, म्हणजे तेल लावून भाजलेला चपटा पाव, आणि त्यावर मीठ लावलेले मासे पाठवले. ओरडून दमला असाल, असा निरोप. या बाईच्या हातचं मी खाणार नाही, असं तो मिरेल्लाला म्हणाला. मग पहिलं ताट संपवलं. दुसरं आलं, तेही संपवलं. फोकाच्चा उत्तम होता, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

फुल्व्हिया देझोलीनाबाईंच्या पायाशी वाळूत बसून गप्पा मारत होती. आधी कधी सांता तेक्लाला आला होतात का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, सात उन्हाळे, मागच्या मोठ्या हॉटेलात, चादरी धुवायला. फुल्व्हियाच्या डोळ्यांत पाणी आलं. किती छान, म्हणाली, म्हणजे तुमच्या इथे केवढ्या आठवणी असतील.

"आहेत," देझोलीनाबाई म्हणाल्या. "पाठीत आहेत."

आमच्याकडे काय बोलावं ते सुचलं नाही की खायला देतात. फुल्व्हियाने लिंबाचं आइस्क्रीम मागवलं, काचेच्या उंच पेल्यात. समोर आलेलं अन्न टाकायचं नाही या पिढीतल्या देझोलीनाबाई. त्यांनी पेला रिकामा केला आणि चमचा पुसला. तेव्हा साडेतीन वाजले होते. पाऊण तास नाही, अर्धा नाही, फक्त पंधरा मिनिटं राहिली होती.

नोटरींची बायको किंचाळली नाही एवढंच. अंड्यावर थंड! आता पहिल्यापासून मोजायला लागणार. जीवरक्षक म्हणाला, आइस्क्रीम हे पेय आहे. नोटरी म्हणाले, चमच्याने खाल्लं ते अन्न. पात्रित्सिओने मत दिलं की पेल्यात असेपर्यंत पेय, पोटात गेल्यावर अन्न. हृदयरोगतज्ज्ञ उठून दुसऱ्या खासगी किनाऱ्यावर निघून गेले. फुल्व्हिया स्वतःला दोष देत होती आणि म्हणत होती, साडेसहाला जीवरक्षक घरी जातो, त्याच्या आत काहीतरी जमवू. आणि एर्मान्नोने, अगदी मनापासून, घाम पुसत, समासातली वेळ खोडली आणि खाली साडेसहा लिहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की साडेसहाला पाणी बंद. त्याने साडेसहा खोडलं आणि पेन हवेत धरून बसला.

देझोलीनाबाई त्या पेनाकडे बघत होत्या. त्यांनी काठी घेतली आणि उठल्या.

"आई, बस. बघतोय मी काय करता येईल ते."

"सात उन्हाळे मला इथे सांगायचे, काम आवरल्यावर जा. काम कधी आवरलंच नाही." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "आज सकाळपासून ऐकतेय. जन्म बरोबर असेल तर जा. न थांबता चाललीस तर जा. पचलं तर जा. आणि आता तू पण लिहून घेतोयस, एर्मान्नो."

"आई, तुझ्या भल्यासाठीच—"

"तेही माझ्या भल्यासाठीच सांगायचे. ऊन लागेल म्हणायचे." त्यांनी काठी फुल्व्हियाच्या हातात दिली. "त्र्याऐंशी वर्षं झाली मला. मेलेच, तर निदान भरल्या पोटी मेले म्हणा."

आणि त्या चालू लागल्या. काठीशिवाय, एका बाजूला कलत, दम न खाता. कोणी आडवं आलं नाही. पात्रित्सिओला हुकूम होता, आणि बाकीच्यांना धीर नव्हता. पहिली रांग उभी राहिली. नोटरींच्या बायकोने छातीवर क्रॉसची खूण केली. जीवरक्षक तरंगणारा लाल बोया घेऊन पाण्याच्या कडेला धावला आणि तिथे कुत्र्यासारखा येरझारा घालू लागला. पाणी घोट्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं, पाठीवरचं लेबल एकदा वाऱ्याने उडालं आणि मग पाण्यात गेलं. कमरेपर्यंत गेल्यावर देझोलीनाबाई थांबल्या. ही बाई आता रडेल किंवा हसेल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. बादलीत बसावं तशा त्या समुद्रात खाली बसल्या, हनुवटीपर्यंत, आणि दोन्ही हात पाण्यावर पसरून ठेवले. माणूस आपल्या घरच्या टेबलावर ठेवतो तसे.

मिनिटभर सगळा किनारा त्या मरायची वाट बघत उभा होता. त्या मेल्या नाहीत. त्यांचा चेहरा मात्र दिसत नव्हता, आणि चेहरा दिसत नाही म्हटल्यावर एर्मान्नोला राहवेना. तो सुटला. चप्पल, पँट, खिशात अकरा पानं, सगळ्यासकट पाण्यात. गुडघाभर पाण्यात धडपडला, उठला, मांड्यांपर्यंत आला. "आई, मी आलो," असं ओरडला.

देझोलीनाबाईंनी मान वळवली. एक चांगला, लांब, त्र्याऐंशी वर्षांचा कटाक्ष त्यांनी अठ्ठावन्न वर्षांच्या मुलावर टाकला.

"तू कुठे आलास पाण्यात?"

"तुला धरायला."

"फोकाच्चा किती वाजता खाल्लास?"

एर्मान्नोने फुल्व्हियाकडे बघितलं.

"दोन ताटं. वर मासे. बसल्या बसल्या बघत होते मी." त्यांनी पाण्यातून एक हात बाहेर काढला आणि बोटाने किनारा दाखवला. "हो बाहेर. तीन तास झाल्याशिवाय आत पाऊल टाकलंस तर बघ."

पहिल्या रांगेतून संमतीची कुजबुज आली. एर्मान्नो वळला. सगळ्या किनाऱ्यावर डाफरत, पँटमधून पाणी गाळत तो बाहेर आला, कोरड्या वाळूवर उभा राहिला आणि मनगटाकडे बघितलं. घड्याळात पाणी गेलं होतं. म्हणून त्याने दात ओठ खात नोटरींना वेळ विचारली.